वाडा गेला, दार उरले

वास्तूंच्या आयुष्यात एक चमत्कारिक नियम दिसून येतो. ज्या भागात माणसे राहतात, तो भाग आधी नाहीसा होतो आणि ज्यातून ती केवळ ये-जा करतात, तो मागे राहतो. पुण्याचा शनिवारवाडा हे त्याचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. १७३२ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या वाड्यातील महाल १८२८ च्या आगीत भस्मसात झाले. दिल्ली दरवाजा मात्र आजही उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. दूर रशियातही हाच प्रकार घडला. मॉस्कोनजीक कोलोमेन्स्कोये येथे झार अलेक्सेई याने १६६७ ते १६७२ या काळात एक अवाढव्य लाकडी राजवाडा उभारला होता. पुढे शंभर वर्षांच्या आतच तो इतका खिळखिळा झाला की, १७६८ मध्ये सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या आज्ञेने तो मोडून टाकण्यात आला. त्या राजवाड्याच्या आवाराचे दरवाजे मात्र राहिले. जपून ठेवलेल्या आराखड्यांवरून २०१० मध्ये तेथे राजवाड्याची प्रतिकृती उभी झाली, पण ती मूळ जागेपासून दूर. जुन्या जागी आजही दरवाजातून आत जावे, तर पुढे राजवाडा नाही, अशीच स्थिती आहे.

असे का घडते, याचा उलगडा अवघड नाही. दरवाजा हा एकाच वेळी संरक्षणासाठी आणि मिरवण्यासाठी असतो. म्हणून वाड्यातील उत्तमातील उत्तम दगड आणि कुशलातील कुशल हात त्याच्या वाट्याला येतात. महालांचे लाकूड जळते, किंवा उपयोगाचे म्हणून काढून नेले जाते. दरवाजाची चौकट काढून नेण्यात फारसा लाभ नसतो. शिवाय वाडा पडला तरी वाट राहते, आणि वाट राहिली की दार राहते.

आमच्या गोमंतकात या नियमाची जी साक्ष आहे, ती जुन्या गोव्यात. गेल्या पौष महिन्यात आम्ही आमच्या डिचोली तालुक्यातील शाळेच्या नववीच्या विद्यार्थ्यांसह ती पाहून आलो. तेथे जे पाहिले आणि एका विद्यार्थ्याने जे विचारले, त्यामुळे इतिहासाच्या अध्यापनासंबंधी आमच्या काही समजुती तपासून पाहणे आम्हांस भाग पडले. तो वृत्तांत शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सहलीचा आरंभ आम्ही मुद्दाम पणजीहून केला. मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाची जी इमारत आहे, ती मुळात यूसुफ आदिलशहाचा वाडा. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्ये येथे राहावयास आले आणि १९१८ मध्ये त्यांचे निवासस्थान काबोच्या टोकावर गेले. गोवा मुक्त झाल्यावर राज्याची विधानसभा इसवी सन २००० पर्यंत याच वास्तूत भरत होती. राज्यकर्ते बदलले, वाडा वापरात राहिला, म्हणून तो टिकला. विद्यार्थ्यांना आम्ही सांगितले, “हा वाडा लक्षात ठेवा. आता याचा थोरला भाऊ पाहावयास जाऊ. त्याचे फक्त दार उरले आहे.”

पणजीहून रायबंदरकडे जाणारा रस्ता ज्या लांबलचक बांधावरून जातो, तोही १६३३-३४ मधला, कोंद द लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीतला आहे. उजवीकडे मिठागरांची सपाट भूमी, डावीकडे मांडवी. सुमारे नऊ-दहा किलोमीटरचा हा प्रवास भूगोलाचा पाठ म्हणूनही उपयोगी पडतो. कारण राजधानी नदीच्या मुखाकडे का सरकत गेली, हे नकाशापेक्षा या रस्त्यावर अधिक चांगले कळते.

जुन्या गोव्यात सेंट कॅजेटानच्या चर्चनजीक हिरवळीवर काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे. काही पायऱ्या, दोन कोरीव खांब, त्यांवर आडवी तुळई आणि बाजूंना दगडी जाळीचे अवशेष, एवढाच तिचा संसार. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. गोव्याची घरे जांभ्या दगडाची; म्हणून हा काळा कातळ डोळ्यांत भरतो. आदिलशहाच्या राजवाड्याचे दार म्हणून ते ओळखले जाते. तथापि विजापूरकरांच्या वास्तूंत आपण ज्या टोकदार कमानी पाहतो, तशी कमान येथे नाही. खांबांवर सरळ तुळई ठेवण्याची ही पद्धत आणि त्यावरील वेलबुट्टी पाहून आमच्या विद्यार्थ्यांना प्रथम आठवण झाली ती देवळाच्या द्वारशाखेची. ती आठवण चुकीची म्हणता येणार नाही. राज्य कोणाचेही असो, छिन्नी चालविणारे हात बहुधा याच भूमीचे असत, आणि त्या हातांना जे वळण होते ते दगडात उतरले.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. गेली कित्येक वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना या दारापाशी उभे करून सांगत आलो की, ‘इन्क्विझिशनचे न्यायासन याच वाड्यात होते.’ ते चूक होते. जुन्या गोव्यात आदिलशाही काळातील वाडे दोन होते आणि आम्ही त्या दोहोंचे एक करून टाकले होते. पहिला, ज्याला पोर्तुगीज ‘साबायोचा वाडा’ म्हणत, तो से कॅथेड्रलसमोरच्या चौकात होता. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवे जिंकल्यावर तेथे गव्हर्नर राहू लागले. १५५४ मध्ये आलेला व्हाइसरॉय पेद्रु मास्कारेन्यश वयोवृद्ध होता. त्या वाड्याचा उंच जिना त्याला झेपेना, म्हणून तो नदीकाठच्या दुसऱ्या, किल्लेवजा वाड्यात गेला, असे सांगतात. रिकामा झालेला पहिला वाडा १५६० मध्ये इन्क्विझिशनला मिळाला. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत, आणि त्या साध्या शब्दांतील धास्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्या घराचा आज मागमूस नाही. आपण जे दार पाहतो, ते दुसऱ्या, नदीकाठच्या वाड्याचे. जुझे निकोलाव द फोन्सेका यांनी १८७८ मध्ये गोवा शहराचा जो इंग्रजी वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात हा भेद स्पष्ट आहे. तो ग्रंथ हाती आल्यावर आमची चूक आमच्या ध्यानी आली. एका वयोवृद्ध माणसाच्या गुडघ्यांमुळे दोन वाड्यांचे भवितव्य बदलावे आणि साडेचारशे वर्षांनी एका मुख्याध्यापकाने त्यांची गफलत करावी, ही मौज विद्यार्थ्यांना फार आवडली. आमची चूक आम्हीच सांगितली, म्हणून असेल, पण तो भाग त्यांच्या पक्का ध्यानात राहिला.

या नदीकाठच्या वाड्याचे वैभव मोठे होते. त्याच्या एका दालनात पोर्तुगालहून आलेल्या आरमारांची चित्रे होती, तर दुसऱ्यात गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या तसबिरी. तसबिरींची ही प्रथा दों जुआंव द काश्त्रु याने १५४७ मध्ये सुरू केली. वाडा गेला, पण तसबिरी वाचल्या. आज त्या जवळच्याच पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. विद्यार्थ्यांना आधी दार दाखवावे आणि नंतर त्या दारातून गेलेल्यांचे चेहरे दाखवावेत, असा क्रम आम्ही ठेवला. तो उपयुक्त वाटला.

मग हा वाडा पडला कसा? शत्रूच्या तोफांनी नव्हे. साथीच्या रोगांनी शहर पोखरले. विहिरींचे पाणी बिघडले. डचांनी समुद्रावरचा व्यापार हिरावून घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले, तेव्हा राजधानी किती उघडी आहे, हे साऱ्यांना दिसून आले. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीस गेले, १७५९ मध्ये पणजीस. ओसाड पडलेला वाडा शेवटी १८२० मध्ये सरकारी हुकमानेच पाडण्यात आला आणि त्याचे सामान पणजीच्या बांधकामांसाठी गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पणजीच्या जुन्या इमारतींतून हिंडताना आपण एका अर्थी जुन्या गोव्याच्याच दगडांतून हिंडत असतो. कोणी केवळ हे दार तेथे राहू दिले.

या दारापासून नदीकडे काही पावले गेले की दुसरे दार लागते. ती व्हाइसरॉयची कमान. येथेही मुळात आदिलशाही कोटाचा दरवाजा होता. १५९७ मध्ये फ्रान्सिस्कु द गामा व्हाइसरॉय होऊन आला. तो वास्को द गामाचा पणतू. पणजोबा हिंदुस्थानास १४९८ मध्ये पोहोचल्याला शंभर वर्षे होत होती. त्याच्या स्मरणार्थ त्याने ही कमान सजविली. पुढे प्रत्येक नवा व्हाइसरॉय मांडवीच्या धक्क्यावर उतरून याच कमानीखालून शहरात प्रवेश करी आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जात. कमानीपलीकडे ‘रुआ दिरैता’ हा सरळ रस्ता सुरू होई. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने त्या रस्त्यावरचा सकाळचा लिलाव वर्णिला आहे. त्यात कापड, घोडे, मसाले यांच्याबरोबर माणसेही विकली जात. गुलामांचा हा उल्लेख शिक्षकांनी टाळू नये, असे आम्हांस वाटते.

कमानीच्या नदीकडील अंगास कोनाड्यात वास्को द गामाचा पुतळा आहे, आणि त्याच्या घराण्याचे चिन्ह म्हणून हरणे कोरलेली आहेत. पणतवाच्या वाट्याला मात्र पणजोबाची लोकप्रियता आली नाही. १६०० मध्ये फ्रान्सिस्कुची कारकीर्द संपताच त्याच्या विरोधकांनी वास्कोचा पुतळा खाली ओढून फोडला. पुढे तो पुन्हा बसविण्यात आला. पुतळे पाडण्याची रीत आजच्या काळाची, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. येथे पुतळा पाडणारे खुद्द पोर्तुगीजच होते.

कमानीत एक शिलालेखही आहे. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगाल स्पेनच्या राजांच्या अमलाखाली होता. म्हणजे ही कमान ज्या वर्षांत उभी राहिली, त्या वर्षांत ती उभारणारे स्वतःच पराधीन होते. १६४० मध्ये ते मुक्त झाले, आणि त्या मुक्तीच्या स्मरणार्थ १६५६ मध्ये येथे लेख बसविण्यात आला. परक्यांचे राज्य गेले, म्हणून कृतज्ञता व्यक्त करणारा हा लेख ज्या भिंतीत आहे, त्याच भिंतीच्या मागच्या बाजूस काय आहे, ते आता पाहू.

मागच्या, म्हणजे शहराकडील अंगास एका स्त्रीची मूर्ती आहे. हाती तलवार, हाती पुस्तक, आणि पायाखाली पागोटे घातलेला एक पुरुष. आमची मुले तेथे पोहोचली आणि पेडण्याकडून आमच्या शाळेत आलेल्या एका मुलाने मान वर करून विचारले, “सर, तिच्या पांयां पोंदा तो कोण?”

आमचे एक सहकारी शिक्षक सोबत होते. त्यांनी सहलीपूर्वीच सुचविले होते की, ही बाजू मुलांना दाखवू नये. पुढून वळवून सरळ धक्क्यावर न्यावे. अपमान पाहून मुलांच्या मनात काय येईल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो सद्हेतूने विचारलेला होता. पण मुले प्रश्न विचारण्याची वाट पाहत नाहीत. आता उत्तर देणे प्राप्त होते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या ओठांवर आलेले पहिले उत्तर सोपे होते: ‘तो आपला माणूस आहे.’

आम्ही ते दिले नाही. कारण आधी मूर्ती वाचली पाहिजे, असे वाटले. ती स्त्री म्हणजे संत कॅथरीन. तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आल्बुकेर्कने गोवे घेतले, म्हणून ती शहराची संरक्षक ठरली. युरोपातील चित्रकार आणि मूर्तिकार या संतेला फार पूर्वीपासून तलवार आणि ग्रंथ घेतलेली दाखवीत, आणि तिचा छळ करणाऱ्या मॅक्सेंशियस या रोमन सम्राटास तिच्या पायाशी घालीत. म्हणजे रचना जुनी आहे. गोव्यात बदल झाला तो एवढाच की, पायाखालच्या सम्राटाच्या मस्तकी पागोटे आले. छळ झालेल्या एका स्त्रीची कथा जेत्याने उचलली आणि छळकाच्या जागी जितांना बसविले. नदीकडून येणाऱ्या व्हाइसरॉयला समोर आपला पूर्वज दिसे. शहरात राहणाऱ्यांना रोज दिसे तो हा पाय. कोणाला काय दिसावे, हे योजूनच ठरविलेले होते. विद्यार्थ्यांना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतः कमानीच्या दोन्ही बाजूंना धावत जाऊन खात्री करून घेतली.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. तो मनुष्य कोण? आदिलशहा म्हणावा, तर तोही बाहेरून आलेलाच राज्यकर्ता. त्याच्या कारभाराला कंटाळलेल्या तिमय्यासारख्यांनी आल्बुकेर्कला साहाय्य केले, हे इतिहासात नमूद आहे. ज्यांनी साहाय्य केले, त्यांच्याच धर्मबंधूंची तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली. तेव्हा त्या पागोट्याखाली एक राजा पाहावयाचा, की पुढच्या सर्व पिढ्या? आम्ही मुलास म्हणालो, “घडविणाऱ्याने त्याला नाव दिलेले नाही. ज्याने ज्याने खालून वर पाहिले, त्याला तो आपणच आहोत, असे वाटावे, हाच त्याचा हेतू असावा.” मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग ती काढून टाकीत का नाहीत?”

हा प्रश्न गोव्यात अनेकांनी विचारला आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. आमचे उत्तर असे होते. ही कमान कोसळल्यानंतर पोर्तुगीज सरकारने १९५४ मध्ये ती नव्याने उभारली. ते वर्ष कोणते? त्याच वर्षी दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. गोव्याच्या सीमेवर सत्याग्रही उभे होते. आपले राज्य चिरकाल टिकणार, असे सांगण्यासाठीच जणू कमान पुन्हा रचण्यात आली. त्यानंतर सातच वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. ज्या कमानीखालून व्हाइसरॉय मिरवत आले, तिच्याखालून आज दिवाडीचे शेतकरी, शाळकरी मुले आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया फेरीबोटीकडे जातात. पाय अजून तसाच वर आहे. पण त्याच्या खाली कोणी नाही. मूर्ती काढली, तर हे दिसावयाचे बंद होईल. ती ठेवावी आणि वाचावी. न वाचता ठेवली, तर मात्र ती आजही अपमानच करीत राहील, आणि त्याचा दोष मूर्तिकारापेक्षा शिक्षकाकडे अधिक येईल.

मुलाचे समाधान झाले की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. त्याने ते सर्व वहीत टिपून घेतले, एवढे खरे.

कमानीखालून आम्ही धक्क्यावर गेलो आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरलो. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर याचे मूळ देवालय या बेटावर होते. कदंबांच्या नाण्यांवरील लेखांतही या दैवताचे नाव आढळते. ते देवालय पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे, आमच्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेण्यात आला. दिवाडीच्या दुसऱ्या टोकास पुन्हा फेरीबोट आहे. ती ओलांडली की नार्वे. ज्या वाटेने देव गेला, जवळजवळ त्याच वाटेने मुले गेली.

नार्व्याचे देवालय आकाराने मोठे नाही. दीपस्तंभ, लहानसा घुमट, आत धारालिंग. पण त्याच्या दारावर एक शिलालेख आहे. शके १५९० मध्ये, कार्तिक वद्य पंचमीस, सोमवारी, म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवालयाच्या कामास प्रारंभ झाला, असा त्याचा आशय. मॉस्कोनजीक झारचा लाकडी राजवाडा चढत होता, त्याच वर्षांतली ही गोष्ट. तो राजवाडा गेला, मांडवीकाठचा वाडा गेला. हे लहान देवालय उभे आहे, आणि २०२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धारही पूर्ण झाला. येथे दार आहे आणि दारामागे घरही आहे.

त्या मुलानेच शिलालेख वाचावयास घेतला. अक्षरे लावताना त्याला वेळ लागला. मधेच अडला, तेव्हा इतरांनी साहाय्य केले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “सर, यात कोणाला हरवले, ते लिहिलेलेच नाही.” ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या लक्षात आली नव्हती. लेखात देवाचे नाव आहे, तिथी आहे, आज्ञा देणाऱ्याचे नाव आहे आणि कामाचा आरंभ आहे. त्यात पायाखाली कोणी नाही.

सहल नेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. पणजीचा वाडा, काळ्या दगडाची चौकट, कमान आणि नार्व्याचे दार ही चार स्थाने याच क्रमाने एका दिवसात होतात. प्रत्येक दारापाशी मुलांना तीन प्रश्न द्यावेत: हे कोणी बांधले, येथून कोण आत गेले, आणि आत जाणाऱ्याने काय पाहावे, अशी बांधणाऱ्याची इच्छा होती? उत्तरे आधी सांगू नयेत. कमानीची मागची बाजू टाळू नये. आणि आपली पूर्वीची एखादी चूक असेल, तर ती तेथेच, मुलांसमक्ष दुरुस्त करावी. आम्ही तसे केले. पुढच्या वर्षी त्या काळ्या चौकटीपाशी नव्या मुलांना सांगावयाचे काम आम्ही त्या पेडण्याच्या मुलाकडेच सोपविले आहे. त्याने ते आनंदाने स्वीकारले, मात्र एक अट घातली. ‘व्हडलें घर’ जेथे होते, ती मोकळी जागाही मुलांना दाखवावी, आणि तेथे दारसुद्धा का उरले नाही, हे आधी आम्ही त्याला समजावून सांगावे.